कुरेशींचा बंद आणि आपली दावण



मागच्या बैठकीत राणीसावरगावच्या एका तरुण शेतकऱ्याने मला उभ्या उभ्या विचारले, "भाऊ, मुसलमानांच्या भानगडीत आपण कशाला पडायचं? आपली संघटना शेतमालाच्या भावासाठी आहे. कापसाचं बोला, ज्वारीचं बोला." प्रश्न सरळ होता, विचारणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. बैठकीत वेळ नव्हता म्हणून मी अर्धेच उत्तर दिले. उरलेले इथे लिहितो, कारण हाच प्रश्न पुष्कळांच्या मनात आहे आणि बरेच जण तो विचारत नाहीत.

आधी माझा एक उलटा प्रश्न. बैल हा शेतमाल आहे की नाही? गोऱ्हा आपल्या दावणीला जन्मला, आपल्या कडब्यावर वाढला, आपल्या रानात औत ओढून म्हातारा झाला. तो विकायचा कधी, कुणाला आणि किती रुपयांना, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? कापसाच्या बोंडावर आपला हक्क सांगणारे आपण, बैलाच्या बाबतीत गप्प का होतो?

बाजार कुणी बंद पाडला?

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी बंद केली. रस्त्यात गाड्या अडवल्या जातात, पावती असली तरी मारहाण होते, जनावरे काढून घेतली जातात आणि वर गुन्हा मार खाणाऱ्यावरच दाखल होतो, ही त्यांची तक्रार. ऑगस्ट उजाडला तरी बंद चालूच होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्यांच्या प्रतिनिधींशी मुंबईत बैठक घेतली. गाडी तपासण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, खाजगी माणसांचा नाही, हे त्यानंतर पुन्हा एकदा सांगावे लागले. जे पुस्तकात आधीपासून लिहिलेले आहे, तेवढेच वदवून घेण्यासाठी एका समाजाला आपल्या चुली विझवून घरी बसावे लागले!

त्या दिवसांत आमच्या घरी एक म्हातारा बैल विकायचा होता. पेरणी उरकली होती, पुढच्या हंगामाला तो औताला चालणार नव्हता. आमचे वडील, आप्पा, त्याला घेऊन बाजारात गेले आणि संध्याकाळी तसेच परत आले. गिऱ्हाईकच नव्हते. माझ्या लहानपणापासून आमच्या घरची जनावरे घेणारे एक कुरेशी चाचा आहेत. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करायचा, चहा प्यायचा, पैसे मोजून द्यायचे, असा चाळीस वर्षांचा व्यवहार. आप्पा त्यांच्या घरी गेले. चाचा म्हणाले, "आप्पा, पैसे बुडाले तर पुन्हा मिळवीन. पण रस्त्यावर पोरासमोर कान धरून उठाबशा काढायला लावल्या तर मी घरी कोणतं तोंड घेऊन येऊ? आता नको."

आप्पा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. घरी येऊन बैलाला वैरण टाकली. मला त्या रात्री वाटले की गेली दहा वर्षे आपण सगळे असेच वैरण टाकून गप्प बसलो आहोत.

वैरणीचा हिशेब

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो. तिथे जनावराच्या आहाराचा हिशेब शिकवला, तो कोणत्याही पक्षाचा नाही. चारशे किलो वजनाच्या बैलाला दिवसाला आठ किलो तरी सुकी वैरण लागते. वर्षाला झाली साधारण तीन टन. आपल्या कोरडवाहू रब्बी ज्वारीच्या एका एकरातून बऱ्या वर्षी दीड-दोन टन कडबा निघतो. म्हणजे एक बिनकामाचा बैल दीड ते दोन एकरांचा कडबा खातो. ज्याचे रानच चार एकर आहे, त्याने कामाच्या जोडीला काय घालायचे? दुभत्या गाईला काय घालायचे?

कडबा पाच रुपये किलो धरा. दिवसाचे चाळीस, वर्षाचे १४,६०० रुपये. औषधपाणी, माणसाची राबणूक वेगळी. असा बैल पाच वर्षे सांभाळला तर नव्या गोऱ्ह्याचे पैसे त्यातच गेले.

कुणी म्हणेल, शेण मिळते की. मिळते. शेणखताशिवाय आपली रेताड आणि मुरमाड राने जगणार नाहीत, हे मी स्वतः गावोगाव सांगत फिरतो. पण हिशेब पुरा करा. एका बैलाच्या वर्षाच्या शेणाचे कुजून दोनेक टन खत होते. त्यात नत्र दहा किलोच्या आसपास, म्हणजे युरियाच्या अर्ध्या गोणीएवढे. स्फुरद, पालाश आणि जमिनीचा पोत धरून त्याची किंमत दुप्पट-चौपट लावा, तरी १४,६०० ची भरपाई होत नाही. आणि शेण कामाचा बैलही देतोच!

सरकारला हा हिशेब कळत नाही असे समजू नका. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला "राज्यमाता-गोमाता" जाहीर केले आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी जनावरामागे रोज ५० रुपये अनुदान ठरवले. वर्षाचे १८,२५० रुपये. म्हणजे भाकड जनावर पोसायला रोज ५० रुपये लागतात हे सरकारनेच मान्य केले. मग माझ्या दावणीच्या भाकड गाईने काय पाप केले? तिला माता म्हणायचे आणि तिच्या वैरणीचे बिल शेतकऱ्याच्या नावावर फाडायचे! पुण्य त्यांचे, उधारी आपली.

कायदा कसा घट्ट होत गेला

१९७६ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात गोहत्येला बंदी होती. पण बैल कामातून गेला असा दाखला मिळाला की तो विकता येत होता. हिंदू शेतकरी ती वाट वापरत होता, त्याने धर्म बुडाला नाही. १९९५ मध्ये युती सरकारने बैल आणि वळूवरही बंदी घालणारे विधेयक मंजूर केले. ते वीस वर्षे दिल्लीत पडून राहिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली, मार्चमध्ये कायदा लागू झाला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

वेळ कोणती साधली पाहा. २०१४ चा पाऊस हुकलेला, २०१५ चा हुकणार होता. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पूर्वी दुष्काळ पडला की म्हातारी जनावरे विकून शेतकरी चार पैसे उभे करायचा आणि उरलेला कडबा कामाच्या जोडीला घालायचा. नेमक्या त्या दुष्काळात ही वाट बंद झाली. बैल ही आपली बँक होती. त्या बँकेला सरकारने कुलूप लावले.

आणखी एक गोष्ट बैठकीत सांगत चला. कायद्याचे कलम ५ ब म्हणते, कत्तलीसाठी जनावर घेणेही गुन्हा आणि विकणेही गुन्हा. कलमात घेणारा आणि विकणारा शेजारी शेजारी उभे आहेत. रस्त्यावर मार मात्र एकालाच पडतो, कारण त्याच्या डोक्यावर टोपी आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर रुमाल आहे म्हणून तो आज वाचला आहे.

मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले मांस जवळ ठेवणे हा गुन्हा होऊ शकत नाही असे सांगितले. शहरातल्या खाणाऱ्याची सुटका झाली. कोरडवाहू शेतकरी आणि गावचा कुरेशी अडकले ते अडकलेच.

हे सगळे घडण्याच्या किती तरी आधी बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातले सुमारे तीन हजार कुरेशी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९५८ मध्ये पाच न्यायमूर्तींनी गोहत्याबंदी उचलून धरली, पण कामातून गेलेल्या बैलांवरची सरसकट बंदी अवाजवी ठरवली. देशात चारा किती आणि तो कामाच्या जनावरांना पुरतो किती, याचा विचार त्यांनी केला. तो शेतकऱ्याचाच युक्तिवाद होता, न्यायालयात मांडला मात्र कुरेशींनी. २००५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने एक विरुद्ध सहा मतांनी तो निकाल फिरवला. शेणाचे मोल कोहिनूर हिऱ्याहून मोठे, अशी भाषा त्या निकालात आली. ज्याच्या दावणीला असे चार कोहिनूर बांधलेले आहेत, त्याला बँक पीककर्जासाठी दारात का उभे करत नाही, हे मात्र कुणी सांगत नाही.

आपणही एकेकाळी तस्कर होतो

जुन्या कार्यकर्त्यांना एकाधिकार कापूस खरेदी आठवत असेल. १९७२ पासून जवळपास तीस वर्षे महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला आपला कापूस सरकारशिवाय कुणाला विकता येत नव्हता. शेजारच्या आंध्रात भाव चांगला असला की लोक रात्री गाड्या जुंपून सीमेकडे निघायचे. नाक्यावर गाडी अडवायची, कापूस धरायचा आणि शेतकऱ्याला चोर ठरवायचे. आपल्याच रानातला कापूस नेणारा तस्कर! तेव्हा आपण काय म्हणत होतो? गिऱ्हाईकाला गुन्हेगार ठरवले की मालाचा भाव पडतो. हेच म्हणत होतो ना?

तेच आज बैलाला लागू आहे. बाजारात दहा हेडी असतील तर भाव चढतो. आठ जण भीतीने घरी बसले की उरलेले दोघे म्हणतील तो भाव. शिवाय रस्त्यातल्या धोक्याचे पैसे ते आपल्याच किमतीतून कापतात. कुरेशीच्या पाठीवरचा प्रत्येक वळ आपल्या बैलाच्या किमतीवर उठतो.

जातिवंत जनावरांचे काय झाले तेही पाहा. आपला भाग लाल कंधारीचा. पशुगणनेत २०१२ साली महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५४ लाख गोवंश होता, २०१९ मध्ये तो १ कोटी ४० लाखांच्या आत आला. म्हशींची संख्या मात्र ५६ लाखांच्या आसपास तशीच राहिली. ट्रॅक्टर आला, चराई संपली, ही कारणे आहेतच, ती मी नाकारत नाही. पण ज्याला उद्या विकता येणार नाही तो गोऱ्हा आज कोण वाढवील? गाय वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने गाय पाळणेच तोट्याचे केले.

त्यांचा वैताग समजून घ्या

आता मुसलमानांच्या भानगडीविषयी. आपल्या गावातला मुसलमान कोण आहे? कापूस पिंजणारा पिंजारी, फळे-भाजी उचलणारा बागवान, बाजार करणारा कुरेशी, तांबोळी, अत्तार आणि पुष्कळसा आपल्यासारखाच दोन-चार एकरवाला किंवा रोजंदारीवर कापूस वेचणारा. ज्याला वर्तमानपत्रे "मुस्लिम समाज" म्हणतात त्यात इतक्या जाती आहेत, आणि त्यांच्यात भेदही आहेत. कुरेशीच्या संकटाला बाकीचे मुसलमान बरीच वर्षे आपले मानत नव्हते. त्यांना एका दावणीला कुणी बांधले? रस्त्यावर नाव विचारून मारणाऱ्यांनी बांधले. जून २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या पट्ट्यात एका महिन्यात दोन माणसे अशा मारहाणीत मेली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच बाजूला रेल्वेच्या डब्यात जळगाव जिल्ह्यातल्या एका वयस्क मुसलमानाला डब्यात मांस आहे म्हणून मारले. तो ना व्यापारी होता ना खाटीक. असे झाले की पिंजारी, बागवान आणि कुरेशी सगळे एकाच भीतीने एकत्र येतात. त्यांच्या एकीला नावे ठेवण्याआधी ती कशातून आली ते पाहिले पाहिजे.

सरकारी कागदांचा त्यांचा अनुभव तर थेट आपल्यासारखा आहे. स्वामिनाथन आयोगाचा शेवटचा अहवाल ऑक्टोबर २००६ चा. मुसलमानांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ चा. दोन्ही एकाच हंगामात पेरले, दोन्ही उगवले नाहीत. राज्यात मेहमूद-उर-रहमान समिती नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. २०१४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर मुसलमानांना पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातले आरक्षण चालू ठेवायला हरकत घेतली नाही, तरी नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. ज्यांनी वटहुकूम काढला त्यांनी मते मागितली, ज्यांनी तो मारला त्यांनीही मतेच मागितली. कर्जमाफीच्या नावाने आपल्याला जे होते, ते त्यांना आरक्षणाच्या नावाने होते.

मराठवाड्यातला मुसलमान चारचौघांत हळू का बोलतो, हेही समजून घ्या. निजामाच्या राज्यात रझाकारांनी आपल्या गावांवर अत्याचार केले. ते आपल्या आजोबांनी सांगितले, ते खरे आहे आणि विसरायचे नाही. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर गावोगाव मुसलमानांची कत्तल झाली, तेही खरे आहे. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला आणि सर्वात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड धरले. तो अहवाल सरकारने कित्येक दशके दाबून ठेवला. मेलेल्यांत रझाकार किती आणि औत हाकणारे किती, याचा हिशेब कुणी केला नाही. ज्यांच्या घरात ही आठवण आहे ते रस्त्यावर उतरून ओरडत नाहीत. म्हणून २०२५ मध्ये त्यांनी दगड न उचलता आपला धंदा बंद ठेवला, याची किंमत आपण ओळखली पाहिजे. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून आपण शेतकऱ्यांनी संप केला, तेव्हा काय केले होते? माल देणार नाही म्हटले होते. त्यांनी माल घेणार नाही म्हटले. संपाची भाषा एकच आहे.

काही शंका

एक जण म्हणतो, हे लोक चोरीची जनावरे घेतात. काही घेत असतील. चोरीचा कापूस घेणारेही व्यापारी असतात, म्हणून सगळ्या जिनिंगवाल्यांना झोडपायचे का? चोर पकडणे पोलिसांचे काम आहे. माझ्या गोठ्यातून बैल गेला तर मी ठाण्यात जाईन. गळ्यात उपरणे टाकून रात्री रस्त्यावर नाकाबंदी करणाऱ्या टोळक्याकडे जाणार नाही, कारण त्यातल्या पुष्कळांनी आयुष्यात शेण काढलेले नाही.

दुसरा म्हणतो, गाय ही आमची श्रद्धा आहे. माझ्याही घरी पोळ्याला बैलाच्या पाया पडतात. श्रद्धेने पाळा, शेवटपर्यंत पोसा, कुणी अडवले आहे? पण स्वतःच्या श्रद्धेचा खर्च दुसऱ्याच्या गोठ्यातून वसूल करू नका. हिंदुत्वाचे नाव घेणाऱ्या सावरकरांनीच गाईला उपयुक्त पशू म्हटले होते, हे त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्यांना विचारा.

मे २०२५ मध्ये राज्याच्या गोसेवा आयोगाने बकरी ईदच्या आठवड्यात जनावरांचे बाजार भरवू नका असे पत्र बाजार समित्यांना काढले. विरोध झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. त्या बाजारात बकरे कुणाचे असतात? आपल्याच मायबहिणींनी पाळलेले. ईदचा बाजार हा त्यांचा वर्षाचा एकमेव नगदी बाजार. गरीब बाईच्या शेळीवरही हे हात घालतात.

मुसलमान भावांना एक गोष्ट

तुमच्यावर अन्याय होतो तेव्हा तुम्ही जमातीच्या बैठकीत जाता, नाही तर मते मागायला येणाऱ्या पुढाऱ्याकडे जाता. समजू शकतो. पण त्या पुढाऱ्याला तुमची भीती हवी असते, ती गेली तर त्याचे दुकान बसेल. आमच्या बैठकीला तुम्ही कमी येता आणि आम्हीही बोलावणे कमी धाडतो. दोष दोघांचा, पण जास्त आमचा. पुढच्या बैठकीला शेतकरी म्हणून, व्यापारी म्हणून, वेचणीच्या मजूर म्हणून या. परभणीत फेब्रुवारीत तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो, तिथे नवस बोलणाऱ्यांत निम्मे आपलेच लोक असतात. दर्ग्यात शेजारी उभे राहता येते, तर ठाण्यातही शेजारी उभे राहता आले पाहिजे.

जिल्हा बैठकीसमोर ठराव

१. बाजार समितीची पावती असलेली गाडी पोलिसांशिवाय कुणी अडवली तर अडवणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला पाहिजे.

२. ज्याचे जनावर त्या गाडीत आहे, त्या शेतकऱ्याने स्वतः ठाण्यात जाऊन "हे जनावर मी विकले" असा जबाब द्यायचा. गावातल्या पाच जणांनी त्याच्या बरोबर जायचे.

३. बैलांसाठी १९७६ च्या कायद्यातली दाखल्याची तरतूद परत आणा.

४. ते होईपर्यंत गोशाळेला जे रोज ५० रुपये देता, ते भाकड जनावर सांभाळणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यावर जमा करा.

५. प्रत्येक गावशाखेत मुसलमान शेतकरी आणि मजुरांना घ्या, आणि त्यांना नुसते सतरंजीवर न बसवता बोलू द्या.

यातला दुसरा ठराव सर्वात अवघड आहे, कारण बाकीचे चार सरकारने करायचे किंवा संघटनेने करायचे, आणि हा ज्याचा त्याने करायचा. ठाण्यात गेलात तर टोळक्यातली पोरे तुमच्याच भावकीतली निघतील. घरी येऊन टोमणे मारतील. मतदानाच्या वेळी नाव काढतील. हे सगळे होईल, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचा म्हातारा बैल पुढे तीन महिने दावणीला होता. दिवाळीनंतर चाचा स्वतः आले. सौदा झाला, पण गाडी न्यायला ते तयार होईनात. तेव्हा आप्पा म्हणाले, "मी पुढं बसतो." वयाच्या पंचाहत्तरीत आप्पा त्या गाडीत पुढच्या सीटवर बसून तालुक्याच्या पलीकडे जाऊन आले. रस्त्यात एका ठिकाणी चार पोरांनी हात केला. आप्पांनी काच खाली करून विचारले, "कोणाचा रे तू?" पोरे बाजूला झाली.

प्रत्येक वेळी एवढ्याने भागेल असे मी म्हणत नाही. पण त्या तरुण शेतकऱ्याला माझे उत्तर हे आहे. ज्या दिवशी आपण गाडीत पुढे बसायला लागू, त्या दिवशी बैलाला भाव येईल आणि चाचांच्या पोराला रस्त्यावर मान खाली घालावी लागणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी होतील, वेगवेगळ्या होणार नाहीत.

जिल्हा बैठकीला या. येताना शेजारच्या मुसलमान घराला हाक मारून या.

— राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी